कप्तानांची जीभ

तलावाच्या पाण्याची परीक्षा रोज सकाळी कप्तानांची जीभ घेत असे. दार उघडण्याआधी ते खोल बाजूच्या शिडीपाशी उकिडवे बसत, उजव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात बुडवत, जिभेला लावत आणि डोळे मिटत. मग निकाल देत. "आज चार डबे." निकाल ऐकायला तिथे कोणी नसे. तरी ते तो मोठ्याने देत, कारण निकाल पुटपुटला तर त्याला वजन राहत नाही. त्यानंतर गळ्यातल्या किल्लीने औषधखोली उघडत आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून तलावात सोडत. या कामाला तलावावर 'औषध टाकणं' म्हणत.

त्यांना कप्तान म्हणत ते पांढऱ्या टोपीमुळे आणि शिट्टीमुळे. जहाज त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. पण तलावावर त्यांचा शब्द शेवटचा होता, आणि त्या शब्दामागे ती जीभ होती. शहरातल्या कुठल्याही तलावापेक्षा आपलं पाणी स्वच्छ आहे, असं ते सांगत, आणि पुरावा म्हणून पोहणाऱ्यांच्या पोशाखांकडे बोट दाखवत. त्यांच्या तलावात लाल पोशाख महिन्याभरात गुलाबी होई आणि निळा आकाशी. काळ्याचं काय होई ते सांगणं कठीण आहे. त्याला नाव असलेला रंग म्हणता आलं नसतं.

"अहो, पोशाख नवा होता हो माझा," चष्म्याच्या एक बाई एकदा तक्रार घेऊन आल्या होत्या. हातात गुलाबी पोशाख होता. "लालभडक होता."

"रंग कच्चा असणार, बाई," कप्तान म्हणाले. "आमचं पाणी खोटं सहन करत नाही."

बाई खिडकीवर गेल्या आणि दुसरा पोशाख घेऊन आल्या. तिकिटाच्या खिडकीवर कप्तानांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बसत असे. तिकिटांबरोबर तो पोहण्याचे पोशाख, टोप्या आणि चष्मेही विके. कप्तान ज्याला स्वच्छतेची खूण म्हणत, त्याला मेहुणा बरकत म्हणत असे.

तर एका सोमवारी नगरपालिकेचं पत्रक आलं. यापुढे औषधखोलीची किल्ली रसायनशास्त्राची प्राथमिक परीक्षा पास झालेल्याकडेच राहील. मोल, संहती, द्रावण तयार करणं. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी. जे पास होणार नाहीत त्यांना तलावावरच दुसरं काम दिलं जाईल.

दुसरं काम कोणतं, हे मेहुण्याने पत्रक वाचून संपेपर्यंत ठरवूनही टाकलं होतं. दुपारी कप्तान खिडकीपाशी गेले तेव्हा आत दोन खुर्च्या होत्या.

"दाजी, बसून बघा," मेहुणा म्हणाला. "गादी घातलीय. तुमच्या पाठीचा विचार करून."

"माझी पाठ ठीक आहे."

"आत्ता आहे हो. पण टॉवेल मोजायचं काम वाकून करावं लागतं."

कप्तानांनी शिट्टी फुंकली. तलावात त्या वेळी कोणीही नियम मोडत नव्हतं.

*

घरात रसायनशास्त्र होतं, पण ते सुनेच्या रूपात होतं, आणि हीच अडचण होती. सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मुलगा फिरतीच्या नोकरीवर असल्यामुळे घरात ती, सासू आणि सासरे असे तिघेच. कप्तानांचं तिच्याशी उत्तम जमे, कारण त्यांनी तिच्याकडून आजवर काही शिकून घेतलं नव्हतं.

"मी वाचून करीन," ते पहिल्या दिवशी म्हणाले. पुस्तक उघडलं. संध्याकाळपर्यंत ते त्याच पानावर होते. सून येता-जाता बघत होती, पण बोलली नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, पुस्तकाला जीभ लावून कळणार नाही. विचारा तिला."

"सूनबाई," कप्तान खाकरले, "हा मोल म्हणजे नक्की काय? मला माहीत आहे, पण तू तुझ्या शब्दांत सांग."

सूनबाईंनी खुर्ची ओढली. ती ज्या तऱ्हेने ओढली त्यावरूनच कप्तानांना कळलं की आता घरातली सून उठून गेली आणि तिच्या जागी बाई येऊन बसल्या.

"बाबा, डझन म्हणजे किती?"

"बारा."

"तसा मोल म्हणजे एक ठरलेली संख्या. अणू-रेणू इतके बारीक की डझनावारी मोजून भागत नाही. म्हणून ही मोठी संख्या. सहा, आणि त्यापुढे तेवीस आकडे."

"कोणी मोजले?"

"बाबा, ते आपण नंतर बघू."

"नंतर कसं? उद्या तोंडीला विचारलं कोणी मोजले, तर?"

"नाही विचारणार."

"मी परीक्षक असतो तर पहिलं हेच विचारलं असतं."

"म्हणून तुम्ही परीक्षक नाही आहात," बायको स्वयंपाकाच्या ओट्यापासून म्हणाली.

मोलची संख्या कप्तानांनी नाइलाजाने मान्य केली. पण पाण्याचा एक मोल अठरा ग्रॅमचा आणि मिठाचा साडेअठ्ठावन्न ग्रॅमचा, हे मात्र त्यांना पटेना. संख्या सारखी तर वजन वेगळं का? सुनेने एक डझन लिंबं आणि एक डझन कलिंगडं यांचं उदाहरण दिलं. शाळेत ते हमखास चाले. कप्तानांनी मान डोलावली आणि पुढच्याच उदाहरणात पाण्याचा मोल साडेअठ्ठावन्नचा धरला. पालथ्या घड्यावर पाणी. सुनेने कपाळाला हात लावला. तो शाळेत तिने कधी लावला नव्हता. तिथे बघणारे चाळीसजण असत.

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी कप्तान तलावावरून घरात शिरले ते चपला न काढताच.

"सूनबाई! मोल म्हणजे बॅच!"

"काय?"

"आमच्या तलावावर एक बॅच म्हणजे तीस जणं. बरोबर? सकाळची निवृत्त लोकांची बॅच तीसच, आणि दुपारची शाळेच्या पोरांची बॅचही तीसच. माणसं सारखी. पण निवृत्तांची बॅच पाण्यात उतरली की पाणी कडेच्या नालीतून धो धो वाहतं, आणि पोरं उतरली तर पाण्याला पत्ताही लागत नाही. आकडा तोच, वजन वेगळं!"

"आणि मिठाच्या एका बॅचचं वजन?"

"तेवीस आणि साडेपस्तीस. साडेअठ्ठावन्न. मिठातले दोघं हातात हात घालून येतात, नवराबायकोच्या तिकिटासारखे. सोडियम आणि क्लोरीन." ते एकदम थांबले. "हा क्लोरीन म्हणजे आपलाच? औषधातला?"

"तोच, पण मिठात तो वेगळ्या रूपात असतो."

"म्हणजे मिठात क्लोरीन असतो." कप्तानांनी ओट्याकडे पाहिलं. "आपल्या घरच्या भाजीत नसतो मग."

हे बोलणं जुनं होतं. कप्तान रोज पहिला घास घेत, डोळे मिटत आणि निकाल देत, "मीठ कमी." मग मिठाची बरणी जवळ ओढत. लग्नानंतर काही वर्षांनी हे सुरू झालं आणि मग थांबलंच नाही. बायकोने मीठ वाढवून पाहिलं होतं, तेव्हा बाकीच्यांना जेवताना तांब्याभर पाणी लागे आणि कप्तान म्हणत, "जरा कमीच आहे." हल्ली ती काही बोलत नसे. चमचा फक्त जरा जोरात ठेवत असे. आत्ताही तिने तो जोरात ठेवला.

*

बॅच सापडल्यावर गाडी रुळावर आली. संहती तर कप्तानांनी स्वतःच सोडवली. संहती म्हणजे गर्दी. एक बॅच मोठ्या तलावात सोडली तर हात मारायला मोकळी जागा. तीच बॅच पोरांच्या उथळ तलावात सोडली तर कोपराला कोपर. माणसं तितकीच, पण गर्दी वेगळी. एका लिटरमध्ये किती बॅचेस, ती मोलॅरिटी. सुनेने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर तलाव काढला. वर्गाला ते लिंबू-कलिंगडापेक्षा आवडलं. हे तिने घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कप्तानांनी पुढचे धडे स्वतःच घेतले असते.

गणितं करताना एकच खोड राहिली. उत्तर आलं की ते पेन खाली ठेवत.

"साडेअठ्ठावन्न," ते म्हणत.

"साडेअठ्ठावन्न काय? म्हशी?" सून विचारे.

"ग्रॅम गं. समजून घे की."

"परीक्षक समजून घेत नाहीत, बाबा. तुम्ही कधी समजून घेता? टोपी विसरलेल्याला आत सोडता?"

"टोपीचा नियम आहे."

"एककाचाही नियम आहे."

खरी लढाई मात्र चंबूवर झाली. सुनेने शाळेतून अरुंद लांब मानेचा एक चंबू आणला होता. मानेवर एक बारीक रेष. तिथपर्यंत भरला की पाव लिटर.

कप्तानांनी मीठ तोललं. चंबू उचलला, नळाखाली धरला आणि डोळा रेषेच्या पातळीला आणून थेंब थेंब मोजत नेमका रेषेपर्यंत भरला. मग त्यात मीठ सोडलं. पाणी रेषेच्या अर्धा बोट वर चढलं.

"चुकलं," सून म्हणाली. "आधी मीठ विरघळवायचं, मग रेषेपर्यंत भरायचं. पाव लिटर द्रावण हवंय. पाव लिटर पाण्यात मीठ नको."

"तेच की ते."

"तेच नाही. वर चढलंय बघा."

कप्तानांनी पुन्हा केलं. पुन्हा आधी पाणी रेषेपर्यंत. तिसऱ्यांदाही तेच. त्यांना सांगितलेलं कळत होतं, पण हात ऐकत नव्हता. शेवटी त्यांनी चंबू टेबलावर ठेवला.

"सूनबाई, माझं अख्खं आयुष्य एका नियमावर गेलंय. आधी पाणी, मग माणसं. रिकाम्या तलावात माणसं सोडली तर मला तुरुंगात टाकतील."

"बाबा, हे मीठ आहे. त्याची हाडं मोडणार नाहीत."

"हाताला कुठे माहीत आहे ते?"

सुनेने पुस्तकाची पानं उलटून पाहिली. हाताचा धडा त्यात नव्हता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग गुडघाभर पाणी ठेवा आधी. त्यात सोडा माणसं. ती नीट उभी राहिली की मग भरा वरपर्यंत."

कप्तानांनी चंबूत गुडघाभर पाणी घेतलं. मीठ सोडलं. चंबू गोल फिरवून ते विरवलं. मग सावकाश, शेवटी ड्रॉपरने, रेषेपर्यंत आणलं. पाणी रेषेवर बसलं आणि तिथेच राहिलं.

"गुडघाभर पाणी, मग माणसं, मग रेषेपर्यंत," ते स्वतःशी म्हणाले आणि खुशीत येऊन उजव्या हाताचं पहिलं बोट चंबूच्या तोंडाशी नेऊन ओलं करून जिभेला लावलं.

सून किंचाळली.

"काय झालं? मीठच आहे!"

"बाबा, प्रयोगशाळेत काहीही, काहीही तोंडात घालायचं नाही. मीठ असो नाहीतर साखर. चाखलं की नापास. तिथल्या तिथे. बाकी सगळं बरोबर आलं तरी."

"म्हणजे बघायचं कसं, बरोबर झालंय की नाही?"

"गणिताने."

कप्तान हसले. दुसऱ्याच्या पोराला पोहता येत नसलं की ते असेच हसत.

*

ते हसू एका रविवारी संध्याकाळी संपलं. सुनेने सरावासाठी गणित दिलं होतं, आणि मुद्दाम त्यांच्या आवडीचं दिलं होतं. तलावाची लांबी, रुंदी, सरासरी खोली. रोज चार डबे औषध. एका डब्यात दोन किलो पावडर. पावडरमधला कामाचा क्लोरीन शेकडा पस्तीस. तर एका लिटरमध्ये किती?

कप्तानांनी पाणी काढलं: तीन लाख पंचाहत्तर हजार लिटर. क्लोरीन काढला: दोन किलो आठशे ग्रॅम. मोल काढले: जवळजवळ चाळीस. "चाळीस बॅचेस!" ते कौतुकाने म्हणाले. मग भागाकार केला, आणि या वेळी न सांगता एककही लिहिलं. लिटरला साडेसात मिलिग्रॅम.

"बरोबर," सून म्हणाली. "आता पत्रकाच्या मागच्या बाजूला मर्यादा दिलीय, ती वाचा."

मागच्या बाजूला लिहिलं होतं: लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम.

कप्तानांनी भागाकार पुन्हा केला. मग गुणाकार पुन्हा केला. मग डब्यात दोन किलो मावतच नसतील असं म्हणाले. घरातला तसाच डबा आणून, पीठ भरून, वजन केलं. दोन किलोपेक्षा जरा जास्तच भरलं.

"थोडा क्लोरीन उन्हाने उडतो, थोडा मळात खर्च होतो," सून सावरून घेत म्हणाली. "सगळा राहत नाही."

"रोज टाकतो मी. रोज." कप्तानांचा आवाज खाली गेला होता. "पण चवीला तर कमी लागतं, सूनबाई. रोज सकाळी कमीच लागतं."

मग ओट्यापाशी काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. या वेळी तो जोरात नव्हता, अगदी हळू होता, आणि म्हणूनच कप्तान घाबरले. बायको पदराला हात पुसत टेबलापाशी आली.

"म्हणजे," ती म्हणाली, "इतकी वर्षं रोज सकाळी ते औषधाचं पाणी चाटून चाटून तुमची जीभ बधिर झालीय."

"तसं म्हणता येणार नाही..."

"आणि इतकी वर्षं माझ्या भाजीत मीठ कमी होतं."

कप्तानांनी आधारासाठी सुनेकडे पाहिलं. सून अतिशय काळजीपूर्वक पेनाचं टोपण लावत होती.

त्या संध्याकाळी जेवताना कप्तानांना भाजी नेहमीसारखीच अळणी लागली. त्यांनी मान खाली घालून ती सगळी खाल्ली. बरणी हाताच्या अंतरावर होती. बायकोने ती मुद्दाम तिथे ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच डबा टाकायला सुरुवात केली. जिभेवर विश्वास नव्हता, आकड्यावर अजून बसायचा होता. त्या दिवसांत कप्तान पाण्याकडे असे बघत, जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे. पाणी निवळशंख राहिलं. तळावरची काळी रेष स्वच्छ दिसत राहिली. सकाळच्या बॅचमधले एक आजोबा म्हणाले, "कप्तान, आज डोळे चुरचुरले नाहीत. पाणी बदललंत का?"

"शिक्षण चालू आहे," कप्तान म्हणाले.

मेहुण्याला फरक कळायला जरा वेळ लागला. महिन्याअखेरीस त्याच्या खिडकीतले लाल पोशाख तसेच टांगलेले होते.

"दाजी, लोकांचे पोशाख टिकायला लागलेत हो," तो गंभीरपणे म्हणाला. "काहीतरी बिघडलंय."

"बिघडलं होतं. आता दुरुस्त होतंय."

"हे त्या अभ्यासामुळे?" मेहुण्याने दुसऱ्या खुर्चीवरची गादी झटकली, मग विचारात पडून पुन्हा नीट ठेवली. "दाजी, खरं सांगू? नापास झालात तरी मान खाली घालायचं कारण नाही. मी आहे ना."

*

परीक्षेच्या सकाळी बायकोने त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि पहिल्या बोटाला कापसासकट जाडजूड पट्टी बांधली.

"अगं, मला काही लागलेलं नाही."

"लागायच्या आधीच बांधतेय. बोट दिसलं की तोंडात जातं तुमच्या."

"मी काय तान्हं पोर आहे?"

"तान्ह्या पोराला औषधखोलीची किल्ली देत नाहीत. देतील तुम्हाला, असं वागा."

सून दारापर्यंत आली. "बाबा, एकक," ती म्हणाली. "आणि गुडघाभर."

लेखी बरं गेलं. मग प्रयोगशाळा. लांबलचक टेबलं, प्रत्येकाच्या पुढ्यात तराजू, मिठाची बाटली, चंबू. पाव लिटर, शून्य पूर्णांक दोन मोलर. कप्तानांनी कागदावर मांडलं: पाव लिटरात एका बॅचचा विसावा भाग. साडेअठ्ठावन्न भागिले वीस. तीन ग्रॅमला जरासं कमी. शेवटी 'ग्रॅम' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मीठ तोललं. चंबू घेतला, नळाखाली धरला, डोळा रेषेला लावला, आणि पाणी रेषेवर येऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हाताने आयुष्यभराचं काम केलं आहे. आधी पाणी.

शेजारच्या टेबलावरचा एक तरुण चंबू हलवत होता. त्याचं झालंच होतं. कप्तानांनी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांना आठवलं की तलाव भरून ठेवला म्हणून काही फाशी होत नाही. माणसं उतरली नसली तर पाणी सोडून देता येतं. त्यांनी चंबू बेसिनमध्ये वाकडा केला, गुडघाभर पाणी ठेवलं, मीठ सोडलं, फिरवलं, विरू दिलं, आणि ड्रॉपरने रेषेपर्यंत आणलं. झाकण लावून उलटसुलट केलं. मग झाकण काढलं, ओणवे झाले, डोळे मिटले आणि बोट पुढे केलं.

पट्टीचा बोळा चंबूच्या तोंडात शिरेना. एकदा दाबून पाहिला, तरी शिरेना. डोळे उघडले तर समोर चष्म्याच्या परीक्षक बाई उभ्या होत्या.

"काय चाललंय?"

"काही नाही, बाई."

"बोटाला काय झालंय?"

खोटं बोलायला वेळ होता, पण सुचेना. "बायकोने बांधलंय. चाखू नये म्हणून."

बाईंनी चष्मा वर केला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. टोपी नव्हती, शिट्टी नव्हती, त्यामुळे जरा वेळ लागला. "तुम्ही तलावावरचे ना?"

कप्तानांनीही बाईंना ओळखलं. पोशाखात आणि टोपीत पाहिलेलं माणूस कपड्यांत ओळखायला त्यांना नेहमीच अवघड जाई. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बसा," बाई म्हणाल्या. "तोंडी आत्ताच घेऊ. एकच प्रश्न. माझा लाल पोशाख गुलाबी का झाला? संहतीच्या भाषेत सांगा."

कप्तानांना गादीची खुर्ची दिसली, वाकून मोजलेले टॉवेल दिसले. 'रंग कच्चा असणार' हे उत्तर जिभेच्या टोकावर होतं. पण त्या जिभेचं ऐकायचे दिवस संपले होते.

"पाणी तीन लाख पंचाहत्तर हजार लिटर," ते म्हणाले. "त्यात मी रोज चाळीस बॅचेस सोडत होतो. मोल, म्हणजे. क्लोरीनचे. लिटरला साडेसात मिलिग्रॅम. हवेत एक ते तीन. गर्दी फार झाली, बाई, आणि तुमचा पोशाख त्या गर्दीत सापडला."

"आणि आता?"

"आता एक डबा. लिटरला एक पूर्णांक नऊ मिलिग्रॅम. जवळजवळ." ते घाईघाईने म्हणाले, "मिलिग्रॅम म्हटलं मी."

"ऐकलं मी." बाईंनी चंबू उचलून उजेडात धरला, रेषेकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं. मग पुढच्या टेबलाकडे जाता जाता म्हणाल्या, "त्या खिडकीवरच्या माणसाने मला सांगितलं होतं, लाल रंगाला पाण्याची नजर लागते."

*

निकाल लागला त्या दिवशी बायकोने भावालाही जेवायला बोलावलं. कप्तान पास झाले होते. किल्ली गळ्यात होती, आणि घरातही ती त्यांनी सदऱ्याच्या बाहेर काढून ठेवली होती. मेहुणा खांदे पाडून बसला होता.

"दाजी, अभिनंदन," तो म्हणाला. "पण महिन्यातून एखादा दिवस... चवीपुरता जास्त डबा..."

"गप रे," त्याची ताई म्हणाली आणि सगळ्यांची पानं वाढली.

कप्तानांनी पहिला घास घेतला. सवयीने डोळे मिटले. भाजी अळणी होती, नेहमीपेक्षाही अळणी. तोंड उघडलं तेव्हा बायको त्यांच्याकडे बघत होती आणि बरणी जागेवर होती. त्यांनी तोंड मिटलं. दुसरा घास घेतला. तिसरा.

"कसं झालंय?" बायकोने विचारलं. असं तिने कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं.

कप्तान गळ्यातल्या किल्लीशी चाळा करत राहिले. "मला सांगता येणार नाही," ते अखेर म्हणाले. "माझं यंत्र बिघडलेलं आहे. सूनबाई, तू बघ."

सुनेने घास घेतला. चावायची थांबली. मेहुण्याकडे पाहिलं. तो मुकाट्याने खात होता. ताईच्या हातचं तो काहीही मुकाट्याने खाई.

"आई," सून म्हणाली, "मीठच नाहीये."

बायकोने ओट्याकडे पाहिलं. मोजून काढलेलं मीठ वाटीत तसंच पडलं होतं; निकालाच्या गडबडीत घालायचं राहून गेलं होतं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून कप्तानांना सगळं एकदम उमगलं. आयुष्यात एकदाच त्यांची तक्रार अगदी खरी होती, साक्षीदारांसह सिद्ध होणार होती, आणि ती त्यांनी केलीच नव्हती.

"आता बोलायचं नाही," बायको म्हणाली आणि वाटी घेऊन आली.

"मी कुठे बोलतोय?" कप्तान म्हणाले. "किती ग्रॅम आहे ते तेवढं सांग."